टेटाचा सेकंडहँड टब

पोह्यांवर झाकण ठेवलं होतं, हेमंत आपला थर्मास शोधत घरभर फिरत होता, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून धरलेला बर्फ जुन्या चमच्याने खरवडत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. तीही पुढच्या दारावर.

आमच्या गल्लीत पुढच्या दाराने कुणी येत नाही. सगळे मागून येतात, बूट झटकतात, हाक मारतात आणि सरळ केटलीकडे वळतात. पुढच्या दारावर थाप म्हणजे एक तर पार्सल, नाही तर वाईट बातमी.

"बघ गं," हेमंत आतून म्हणाला. त्याचाही आवाज जरा उतरलाच होता.

दार उघडलं तर टेटा. नवऱ्याचा, वासिलचा, जुना पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, तिने अंगात घातला होता, तो तिच्या घोट्यांपर्यंत आला होता. डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीवर स्कार्फ, आणि त्या सगळ्यातून दिसत होतं ते फक्त लाल नाक.

"अगं टेटा, मागून का नाही आलीस? दार उघडंच असतं."

"मागायला आलं की पुढून यावं," ती म्हणाली. "आत घेतेस, की इथेच गोठवतेस?"

आत आली आणि तिने पार्क्याची चेन सर्रकन खाली ओढली. आत निळ्या फुलांचा पोहायचा पोशाख, आणि त्याच्याखाली जाड लोकरीच्या विजारी. बाहेर उणे चोवीस होतं.

हेमंत दारापर्यंत आला होता, तो तिथूनच मागे फिरला. "पोहे लागले वाटतं," म्हणाला.

"काय रे औषधवाल्या," टेटाने त्याला तिथूनच गाठलं, "गावातल्या सगळ्या बायकांच्या गुडघ्यांची मलमं तूच विकतोस ना? मग गुडघे बघून लाजतोस कसला?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टब बघायला जायचंय. गाडी तू चालव. टॉवेल मी घेतलाय."

टेटा म्हणजे त्यांच्या युक्रेनी भाषेत मावशी. तिचं नाव स्टेफानिया होलोवाच, पण गल्लीत लहानमोठे सगळे तिला टेटाच म्हणतात. तिची नातवंडं तिला 'बाबा' म्हणतात, कारण त्यांच्यात आजीला तसंच म्हणतात. मी या गावात नवी असताना एक पोर "बाबा, बाबा" करत या ठेंगण्या बाईच्या पदराला, म्हणजे एप्रनला, लोंबकळताना बघून मी पार गोंधळले होते. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आल्बर्टातल्या या गहू-मोहरीच्या सपाट मुलखात औषधाचं दुकान चालवायला हेमंत आला, त्याच्यामागे मी आले, आणि शेजारी टेटा होती. नसती तर पहिल्याच हिवाळ्यात मी परत पुण्याला गेले असते.

गाडीत बसल्यावर तिने हातमोजे काढले आणि हीटरपुढे बोटं धरली. बोटांची पेरं आल्याच्या कुड्यांसारखी झाली होती. गावच्या दवाखान्याच्या धुलाईघरात तिने तीस वर्षं ओल्या चादरी उचलल्या, त्याची ही कमाई. रोज संध्याकाळी अंगणातल्या टबात, म्हणजे विजेवर बारा महिने गरम राहणाऱ्या, बाजूंनी पाण्याचे झोत मारणाऱ्या मोठ्या हौदात, बसलं की ती बोटं मोकळी व्हायची, गुडघे वाकायचे, रात्री झोप लागायची. गेल्या फेब्रुवारीत वासिल गेले, आणि त्याच आठवड्यात टबही गेला. तेव्हापासून टेटा सकाळी जिन्याच्या कठड्याला धरून कशीबशी उतरायची. आमच्यापासून लपवायची, पण तिच्या स्वयंपाकघरातला दिवा किती उशिरा लागतो ते मला माझ्या खिडकीतून दिसायचं.

तिची मुलगी लारिसा एडमंटनला असते. तळमजल्यावरची खोली तिने आईसाठी केव्हाच रंगवून ठेवली होती. या शरद ऋतूत दोघींचं बोलणं झालं, ते टेटाने मला मोहरीच्या दाण्याइतकंही न वगळता सांगितलं होतं. ठरलं ते असं: टेटाच्या नाताळापर्यंत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या सातव्या दिवसापर्यंत, चांगला टब मिळाला तर टेटा आपल्या घरात राहणार. नाही मिळाला तर बॅग भरून लारिसाकडे. नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून वापरलेला. आणि वापरलेला असला तरी भरवशाचा हवा, कारण या थंडीत टब रात्री बंद पडला तर सकाळपर्यंत त्याच्या नळ्या तडकलेल्या असतात, आणि एकट्या बाईने कुणाला हाका मारायच्या?

"आणि एकटीने बसायचं नाही, असंही म्हणाली," टेटाने शेवटी जोडलं होतं. "आधी टब येऊ दे म्हटलं. बसायचं कोणी ते मग बघू."

पहिला टब महामार्गापलीकडे एका तरुणाच्या शेडमध्ये होता. आडवा ठेवलेला, आतून खडखडीत कोरडा, वर ताडपत्री.

"काढला तेव्हा एकदम झकास चालू होता," तो म्हणाला.

टेटाने पार्क्याची चेनही उघडली नाही. "कधी काढलास?"

"ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास."

"नळ्यांतलं पाणी फुंकून काढलंस?"

"म्हणजे?"

"चल गं शैला," टेटा म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

गाडीत म्हणाली, "वासिल असते तर त्या पोराला उभं करून शिकवलं असतं. मला थंडी वाजते, मी कुणाला शिकवत नाही."

टब कसा बघायचा हे सगळं तिने वासिलकडून घेतलं होतं. वासिल शाळेच्या बसगाड्यांचे मेकॅनिक. त्यांचं म्हणणं एकच: टब भरलेला बघा, गरम बघा, चालू बघा. रिकाम्या टबाबद्दल मालक सांगेल तेवढंच कळतं. भरलेला टब स्वतः सांगतो.

त्यांनी स्वतःचा पहिला टब घेतला तोही सेकंडहँडच. महामार्गावरचं एक मोटेल बंद होत होतं. वासिल तिथे गेले, मालकाला टब तापवायला लावला आणि आत जाऊन बसले. डोक्यावर टोपी तशीच. एक पंप ऐकला, दुसरा ऐकला, मग डोळे मिटले. दुपार उलटून गेली तरी माणूस बाहेर येईना. शेवटी मालकाने विचारलं, "घेणार आहात, की खोलीचं भाडं लावू?" ही गोष्ट टेटा प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायची, आणि वासिल दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

तो टब घरी आला त्या दिवशी टेटा रडली होती, हे मात्र तिने मला फार वर्षांनी सांगितलं. लहानपणी शेतावर शनिवारी चुलीशेजारी पत्र्याचं घंगाळ ठेवायचे. आधी बाप, मग आई, मग भावंडं वयाप्रमाणे. टेटा शेवटून दुसरी. तिची पाळी येईपर्यंत पाणी कोमट आणि राखाडी झालेलं असायचं. "गरम पाणी म्हणजे काय ते मी दवाखान्यात शिकले," ती म्हणाली, "आणि ते दुसऱ्यांच्या चादरींसाठी होतं. माझ्या गळ्यापर्यंत आलेलं पहिलं गरम पाणी ते वासिलने आणलेलं."

त्या टबात मी पहिल्यांदा बसले ते आमच्या पहिल्याच डिसेंबरात. टेटा बोलवायला आली तेव्हा मी नाही म्हणून पाहिलं. पोहायचा पोशाख माझ्याकडे नव्हता आणि असता तरी परक्या पुरुषासमोर घालायची माझी छाती नव्हती. "मग जे आहे ते घालून ये, पण ये," असं म्हणाली, म्हणून मी लग्नातला राणी रंगाचा सलवार-कुडता घालून गेले. बाहेर काळोख, झाडांवर पांढरं, आणि मधे त्या वाफेत दोन डोकी. मी आत उतरले. हाडांत बसलेली थंडी बाहेर निघताना जे होतं ते काय सांगू! पुणं सोडल्यापासून मी पहिल्यांदा खांदे सैल सोडले. मग टेटाने पाण्याकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. पाणी गुलाबी होत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी वासिलनी गुपचूप पाणी बदललं, फिल्टर धुतला. टेटाने मात्र चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं की शेजारणीने आमच्या टबाचा बोर्श्त केला. बोर्श्त म्हणजे त्यांचं बिटाचं सूप. पुढे वर्षभर लोक मला वाण्याकडे थांबवून विचारायचे, "बोर्श्तवाली तूच का?"

त्याच संध्याकाळची अजून एक आठवण आहे. पाण्याखाली माझा पाय चुकून टेटाच्या पायाला लागला. माझा हात आपोआप खाली गेला, तिच्या पावलाला लागून कपाळाला आला, आणि सगळं पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"काय पडलं? बांगडी?" वासिलनी विचारलं.

मी सांगितलं की आमच्याकडे मोठ्या माणसाला पाय लागला तर असा नमस्कार करतात.

"मग या टबात तुझं काही खरं नाही," टेटा म्हणाली. "तीन माणसांचे सहा पाय. बुडून मरशील नमस्कार करता करता."

तेव्हापासून जेवणाच्या टेबलाखाली आमचे पाय एकमेकींना लागले की तीच आधी कपाळाला हात लावून डोळे मिचकावायची.

आणि एक मजा असायची. वासिल टॉवेल घ्यायला किंवा झाकण नीट करायला उठले की टेटा बुचासारखी वर यायची. पाण्याचा झोत तिला बैठकीवरून उचलायचा, आणि ती दोन्ही हात हलवत ओरडायची, "वासिल, मी चालले!" ते परत येऊन बसले की ती गपकन खाली. आम्ही हसायचो. खाली त्या फेसाळ पाण्यात ते काय करायचे ते आम्हाला कधी दिसलं नाही, आणि आम्ही कधी विचारलंही नाही.

दुसरा टब तळ्याकाठच्या बंगल्यात होता. मालकीणबाई नटूनथटून उभ्या. टबात रंगीत दिवे, गाणी लावायची सोय, आणि एका बाजूला पाय पसरून पडायला खोलगट आरामखुर्चीसारखी जागा.

"यात अगदी झोप लागते हो," बाई म्हणाल्या.

"झोपायला घरी पलंग आहे," टेटा म्हणाली. "टब बसून बोलायला असतो."

पण तिचं लक्ष झाकणाकडे होतं. आजूबाजूला सगळीकडे वीतभर बर्फ आणि झाकण मात्र ओलं, काळं. मी एका हाताने ते उचलून पाहिलं, उचलेना. पाणी पिऊन जड झालं होतं. वासिल म्हणायचे, झाकणावर बर्फ टिकला असेल तर ऊब आत आहे. बर्फ वितळला असेल तर तुमचं विजेचं बिल आकाशाला ऊब देतंय. टेटा गुडघ्यांवर बसली. मी तिच्या दंडाला आधार दिला. तिने विजेरी टबाच्या तळाशी मारली. फळ्यांच्या मागून बर्फाची एक लांब दाढी लोंबत होती.

"ते असंच असतं हिवाळ्यात," बाई म्हणाल्या.

"हो ना," टेटा गोड आवाजात म्हणाली, "गळत असलं की असंच असतं."

आणि तरीही ती आत उतरली. पार्का माझ्या हातात, विजारी माझ्या खांद्यावर, आणि ही त्या रंगीत दिव्यांत. मला कळेना की टब घ्यायचाच नाही तर बसायचं कशाला. ती बसली, झोत सुरू झाले, ती जराशी वर आली, आणि तिने पटकन दोन्ही हातांनी काठ धरला. बाकी काही नाही. मग बाहेर आली.

गाडीत मी विचारलं, "गळका आहे म्हणून कळलं होतं, तरी का बसलीस?"

"आलो होतो ना," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बसून बघितलं."

डिसेंबर असाच गेला. एका टबाला क्लोरीनचा इतका भपकारा की डोळ्यांत पाणी आलं. टेटा म्हणाली, हे काल रात्री ओतलंय, काहीतरी झाकायला. एकाचा पंप म्हाताऱ्या कुत्र्यासारखा कण्हत होता. प्रत्येक ठिकाणी टेटा लोकांच्या अंगणात पार्का काढायची, बसायची, काठ धरायची, उतरायची. गावात तिच्या या फेऱ्यांची चेष्टा सुरू झाली. हेमंतच्या दुकानात एकाने विचारलं म्हणे, "टेटा टब घेणार आहे, की फुकट आंघोळी करत फिरतेय?" हेमंतने ते मला सांगितलं, मी टेटाला सांगितलं. ती खो खो हसली. पण लारिसाचा फोन येऊन गेला होता, खोलीत नवा पडदा लावल्याचं तिने सांगितलं होतं, आणि हसून झाल्यावर टेटाने भिंतीवरच्या कॅलेंडरात नाताळापर्यंतचे दिवस मोजले.

ख्रिसमस झाला, म्हणजे इतरांचा. टेटाचा आठवड्यावर आला. तेव्हा मुंडेर गावाजवळून ऑर्विल स्टॅडनिकचा फोन आला. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं की एक म्हातारी पोहायचा पोशाख घालून टब शोधत फिरतेय.

त्याच्या मागच्या अंगणात शिरलो आणि टेटा जागच्या जागी थांबली. झाकणावर हातभर बर्फ होता, एकसारखा, दुधावरच्या सायीसारखा, कुठे खड्डा नाही की ओल नाही. तळाशी चारी बाजूंनी कोरडं. पंपाचा आवाज कान देऊन ऐकावा लागत होता.

"किती दिवस उघडला नाही?" टेटाने विचारलं.

"ख्रिसमसच्या आधीपासून," ऑर्विल म्हणाला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. "बायकोला आता पायऱ्या चढवत नाहीत. मी एकटा बसत नाही. पण पाणी थंड होऊ दिलं नाही." त्याने खिडकीकडे बोट केलं. आत खुर्चीत बसलेल्या बाईने आम्हाला हात केला. "आम्ही वसंतात फ्लॅटमध्ये जातोय."

मग त्याने टेटालाच प्रश्न सुरू केले. मी असा विकणारा आधी पाहिला नव्हता.

"पाणी कोण बघणार?"

"मी."

"बाई, तुमचं वय?"

"तुझ्याएवढं. जास्तच असेल तर सांगणार नाही."

"आधीचा टब काय झाला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, कारण मला ते ठाऊक होतं. फ्यूज उडाला होता. गल्लीत सगळ्यांना हेच ठाऊक होतं. पण टेटाने माझ्या दंडावर हात ठेवला.

"मी बंद केला," ती म्हणाली. "फेब्रुवारीत रात्रीची अँब्युलन्स आली, नवऱ्याला एडमंटनला न्यायला. मी बरोबर जाणार होते. निघताना घरातलं पाणी बंद केलं, आणि पेटीतले स्विच एकेक करून खाली केले. नेहमी करते तसे. घर सोडताना आपण सगळे करतो ना, नळ फुटू नयेत म्हणून. हात आपला चालतच गेला. टबाचाही खाली केला. परत आले तेव्हा वासिल नव्हते, आणि झाकण उघडलं तर आत बर्फाची लादी."

जवळजवळ वर्षभर ती हे एकटीने घेऊन बसली होती. फ्यूज उडाला असेल असं आम्हीच म्हणालो होतो, आणि तिने ते तसंच राहू दिलं होतं.

ऑर्विलने मान हलवली. मग तो आम्हाला भिंतीवरच्या विजेच्या पेटीपाशी घेऊन गेला आणि झाकण उघडलं. सगळ्या काळ्या स्विचांमध्ये एकाला लाल लोकर गुंडाळून गाठ मारली होती.

"आम्ही मुलाच्या लग्नाला निघालो होतो," तो म्हणाला. "हिनेही सगळे खाली केले. घराच्या वळणावर माझ्या लक्षात आलं म्हणून वाचलो. परत येऊन ही लोकर बांधली. तिच्याच विणकामातली." त्याने ती गाठ सावकाश सोडवली आणि टेटाच्या हातमोज्यात ठेवली. "टबाबरोबर ही पण न्या."

लोकर टेटाने पार्क्याच्या आतल्या खिशात टाकली आणि वर दोनदा थोपटलं. मग म्हणाली, "बसून बघते."

ऑर्विलने झाडूने बर्फ लोटला, झाकण एका बोटाने उचललं. खाली नुसती वाफ. टेटा उतरली. या टबात चारी कडेने साधी बाकं होती, पडायची जागा कुठे नव्हती. झोत सुरू झाले. आणि पुन्हा तेच: टेटा हळूच वर आली, तिने काठ धरला.

"हलकी माणसं तरंगतात," ऑर्विल म्हणाला. "त्यासाठी वजनदार उशी मिळते. मांडीवर घेऊन बसायची."

"उशीशी बोलत बसू का मी?" टेटा म्हणाली. पण या वेळी ती लगेच बाहेर आली नाही. काठ धरून ती खिडकीतल्या बाईकडे बघत राहिली. मग एक हात सोडून तिने तिला परत हात केला, तेवढ्यात पाण्याने तिला अर्धं फिरवलं, आणि खिडकीतली बाई हसताना दिसली.

"घेते," टेटा म्हणाली.

टब आणायला आमच्या गल्लीतले पाच पुरुष आणि हेमंत गेले. ऑर्विलने पाणी त्याच सकाळी काढलं, आधी नाही, आणि नळ्या स्वतः उभं राहून कोरड्या करून घेतल्या. टब कुशीवर घालून, गोल पाइपांवरून ढकलत, ट्रेलरवर चढवताना हेमंतची पाठ धरली. रात्री मी त्याला मलम लावताना तो म्हणाला, "गावाला मलम विकतो, आणि मलाच लावायची वेळ आली." मजुरी म्हणून टेटाने सगळ्यांना बटाट्याचे पिरोहे वाढले, वर कांदा आणि घट्ट सायीचं दही. पिरोहे म्हणजे आपल्या करंजीचीच उकडलेली बहीण. टब जुन्या टबाच्याच जागी बसला. विजेचं काम झाल्यावर टेटा स्टुलावर चढली, पेटी उघडली आणि तिच्या त्या वाकड्या बोटांनी टबाच्या स्विचला लाल लोकर बांधायला लागली. आम्ही कुणी मदतीला पुढे झालो नाही. गाठ बसायला खूप वेळ लागला.

पाणी तापायला दुसरा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी त्यांच्या नाताळाची पूर्वसंध्या होती. लारिसाचं कुटुंब दुसऱ्या दिवशी येणार होतं. टेटाच्या टेबलावर पांढरा कपडा, त्याच्याखाली रीतीप्रमाणे पसरलेलं थोडं गवत, एका कोपऱ्यात वासिलसाठी मांडलेली रिकामी ताटली, जशी ते गेलेल्या माणसासाठी मांडतात. फोनवर लारिसा विचारत होती, "एकटी नाहीस ना बसणार?"

"शैला आहे," टेटा म्हणाली. "साध्या कपड्यात आहे, रंग जायचा नाही." आणि तिने फोन ठेवला.

आम्ही समोरासमोर बसलो. आकाश काळंभोर आणि चांदण्यांनी भरलेलं, माझ्या भुवयांवर दव गोठायला लागलं होतं, आणि पाणी गळ्यापर्यंत. टेटाने डोळे मिटले. तिची बोटं पाण्यात हळूहळू उघडत होती. मला वाटलं, झालं, आता ही कुठे जात नाही.

मग तिने बटण दाबलं, झोत सुरू झाले, आणि ती वर येऊ लागली. "मी चालले," ती म्हणाली. पण ओरडून नव्हे, हसूनही नव्हे. दोन्ही हातांनी काठ धरला. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली मला दिसली.

"टेटा, थांब, मी झोत बंद करते."

"नको. बसलेली राहू दे मला." तिने श्वास घेतला. "पोरी, एक मागायचंय. टबाला पुढचं दार नाही, म्हणून इथूनच मागते."

"माग ना."

"इतकी वर्षं वासिल खाली त्यांचा पाय माझ्या पायावर ठेवायचे. घट्ट. म्हणून मी बसून राहायचे. आजवर भरलेला बघितला त्या प्रत्येक टबात मी बसून बघितलं, एकटी राहते का खाली. नाही राहत." ती माझ्याकडे बघत होती. "तुझा पाय माझ्या पायावर ठेव. दाबून ठेव. आणि नमस्काराला वाकू नकोस, तेवढ्यात मी परत वर येईन."